काम गेलं तेव्हा काय केलं?

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, तर आवाज जरा वाढवा. घरात कोणी काम शोधणारं असेल, मुलगा, लेक, सून, नवरा, त्यांनाही जवळ बोलवा. आजचं बोलणं त्यांच्यासाठीही आहे.

आधी माझी गोष्ट सांगते. पाच वर्षं मी हायवेलगतच्या एका कारखान्यात पॅकिंगला जात होते. पहाटे भाकरी थापायच्या, डबा भरायचा आणि साडेसहाला किकवीच्या स्टॉपवर गाडीची वाट बघायची. आम्ही नऊ जणी होतो. एका शनिवारी सुटताना ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "सोमवारपासून गाडी येणार नाही." एवढंच. ना कागद, ना हिशेब. त्याच महिन्यात माझ्या डिप्लोमा झालेल्या मुलाला फोन आला, की पुण्यात मोठ्या कंपनीत जागा आहे, आठ हजार रुपये भरा, पत्र घरी येईल. आम्ही भरले. पत्र आलं नाही आणि फोनही लागेना.

घरात बोलणं कमी झालं. मुलगा दिवसभर खोलीत मोबाइल घेऊन पडायचा. मी विचारलं तर चिडायचा, नाही विचारलं तर मलाच रात्री झोप यायची नाही. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? तुझ्या आजेसासऱ्यांनी गिरणीत लागायला पैसे चारले होते. तेव्हाही असंच होतं."

तेव्हाही असंच होतं? हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मी मुक्त विद्यापीठातून इतिहास घेऊन बी.ए. केलंय. परीक्षेपुरतं वाचलेलं सगळं पुन्हा काढलं, नवं वाचलं, म्हाताऱ्या माणसांना विचारलं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

आपलं गाव पुणे-सातारा रस्त्यावर, नीरेच्या अलीकडे. पश्चिमेला भोर-वेल्ह्याची खोरी. १९४८ पर्यंत इथे भोरच्या पंतसचिवांचं संस्थान होतं. खोऱ्यात पाऊस पुष्कळ, पण जमीन थोडी आणि पीक मुख्य म्हणजे भात. सुगी आटोपली की हाताला काम नाही. मग धोतराचं गाठोडं बांधून माणूस मुंबईचा रस्ता धरायचा. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी बाजारात हमालीला. बाई गावात राहायची. शेत, गुरं, म्हातारी माणसं तिच्या गळ्यात आणि महिन्याची मनीऑर्डर पोस्टमनच्या पिशवीत.

आता मुंबईत उतरलेल्या माणसाला काम कसं मिळायचं? जाहिरात नाही, अर्ज नाही. गिरणीत खात्यावर जॉबर असायचा. आपली माणसं त्याला मुकादमच म्हणायची. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, हे त्याच्या हातात. त्याच्या गावचा, ओळखीचा माणूस आधी. बाकीच्यांनी दस्तुरी द्यायची, म्हणजे सरळ बोलायचं तर लाच. कामाला लागलेल्या गाववाल्याने नव्या माणसाला खोलीत पथारीपुरती जागा द्यायची आणि मुकादमाच्या कानावर नाव घालायचं. आजच्या भाषेत त्याला 'रेफरन्स' म्हणतात.

गिरणीत बायाही होत्या, हे आपण विसरतो. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बाया होत्या. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. त्यांच्यावर बाईच मुकादम असायची, तिला नायकीण म्हणत. ती बायांना कामावर घ्यायची आणि तिचाही हात ओला करावा लागायचा. म्हणजे मधला माणूस पुरुष असो वा बाई, दारात उभा राहिला की त्याचं एक ताट मांडावंच लागतं.

काहींना कायमचं काम मिळायचं नाही. ते 'बदली'. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. आज कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. यात मुकादमाची मनमानी फार चालायची. म्हणून १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत सुरू झाली. ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं, कार्डवाल्यालाच आधी काम. मुकादमाचा जोर एका दिवसात संपला नाही, पण कामगाराच्या खिशात प्रथमच एक कागद आला. या कागदाकडे लक्ष ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

बायांचं पुढे काय झालं? १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा झाला. बाळंतपणात बाईला मालकाने पैसे द्यायचे. कायदा चांगलाच होता. बायांना रात्रपाळीची बंदी होतीच, त्यात नवी यंत्रं आली, खात्यांची फेररचना झाली. मालकांनी हिशेब केला, की बाई ठेवण्यापेक्षा पुरुष ठेवलेला परवडतो. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांतल्या बाया इतक्या कमी झाल्या, की शंभरात मोजक्याच उरल्या. आज आपल्या लेकीला मुलाखतीत विचारतात, "लग्न कधी करणार?" तो प्रश्न नवा नाही, जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. लेकीला हे सांगा. उत्तर देताना तिला लाज वाटायला नको. लाज विचारणाऱ्याला वाटायला हवी.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बायांनी काय केलं? पुष्कळींनी चूल पेटवली. गावाहून एकटे आलेले कामगार जेवणार कुठे? परळ, लालबागच्या चाळींत बाया खाणावळी चालवू लागल्या. दहा-बाय-दहाच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक. पण माणसं जेवणार आज आणि पैसे देणार पगाराला. तोवर पीठ-तेल उधारीवर आणि उधारीवर सावकाराचं व्याज. राबायची ती आणि कमाई जायची दुसऱ्याकडे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा चौदा खाणावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळाची सुरुवात केली आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकटीला बँक दारात उभी करत नव्हती. गट म्हणून गेल्या, एकमेकींना जामीन राहिल्या, तेव्हा दार उघडलं. आज आपले बचत गट ज्या वाटेने जातात, ती वाट त्या बायांनी मळलेली आहे.

आता हमालांकडे येऊ. मुंबईच्या बाजारांत डोक्यावर, पाठीवर ओझी वाहणारे माथाडी. त्यात पुणे-साताऱ्याकडची माणसं फार. त्यांचाही टोळीवाला मुकादम होता. व्यापारी पैसे द्यायचा त्याला आणि तो हमालाला द्यायचा त्याच्या मर्जीने. अण्णासाहेब पाटलांनी या हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी होती. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदही मंडळाकडे. मजुरी मंडळात जमा करायची आणि मंडळाने हमालाला द्यायची. वर फंड, दवाखाना, रजा यांसाठी व्यापाऱ्याने जादा रक्कम भरायची. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे काम करणाऱ्या माणसालाही फंड मिळू शकतो, हे या कायद्याने दाखवून दिलं.

आणि मग १९७२चा दुष्काळ. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढची कोणी असेल तर तिला आत्ताच विचारा. खडी फोडली असेल, नालाबांध घातला असेल, लाल मिलो खाल्ली असेल, लेकराला सुकडी मिळाली असेल. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. पुष्कळ कामांवर जवळजवळ निम्म्या बाया. पदर खोचून, पोराला झाडाखाली झोळीत टाकून, हातोड्याने दगड फोडत होत्या.

पण काम मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे, तो हक्क आहे, हा विचार त्याच्या आधीच सुरू झाला होता. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. १९६५च्या सुमाराला सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात त्यांनी ही कल्पना छोट्या प्रमाणावर करून पाहिली. जो काम मागेल त्याला काम द्यायचं. १९७२ साली वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना तिला योजनेचं रूप आलं. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता, बाई-पुरुषाला एकच दर. महाराष्ट्राने हे केलं आणि पुढे २००५ साली देशाने आपला कायदा केला, त्यात याच विचाराचा पाया होता.

यासाठी पैसा कुठून आला, तेही ऐका. १९७५ पासून राज्याने शहरातल्या पगारदारांवर, धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. तो पैसा रोजगार हमीसाठी आणि तेवढीच भर सरकारने घालायची. आजही पगाराच्या पावतीवर 'पी.टी.' म्हणून जी रक्कम कापली जाते, ती हीच. एप्रिल २०२३ पासून महिन्याला पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायांना तो माफ आहे. तुमच्या पावतीवर कापत असतील तर विचारा.

रोजगार हमी सगळी गोड होती असं मी म्हणणार नाही. मजुरी मापावर, मापं उशिरा, पैसे त्याहून उशिरा. हजेरीपटावर खोटी नावंही चढली. तरी एक फरक पडला. पूर्वी काम नसलेली बाई पाटलाच्या, सावकाराच्या दारात जायची. आता ती अर्ज देऊ लागली. तोंडी मागितलेलं काम हवेत जातं. लेखी मागितलं आणि पोच घेतली, की त्या दिवसापासून दिवस मोजले जातात. पुढे कायद्यांची नावं बदलली, दिवसांचे आकडे बदलले. अर्जाची पोच घ्यायची, हे मात्र बदललेलं नाही.

यानंतरचा घाव आपल्या खोऱ्यांनी अंगावर घेतला. १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विझत गेला. लाखाहून जास्त माणसांचं काम कायमचं गेलं. मनीऑर्डर बंद झाली आणि मनीऑर्डर पाठवणारा माणूसच परत आला. सासूबाई सांगतात, "तुझे सासरे आले ते ओसरीवर बसले. दोन वर्षं ते नुसते बसलेच. मी भात लावला, म्हैस सांभाळली, दूध घातलं. ते चिडायचे नाहीत, बोलायचेही नाहीत. मला वाटायचं, हे असेच बसून संपतील."

हे ऐकलं आणि मला खोलीत पडलेला माझा मुलगा दिसला.

ऑस्ट्रियात मारिएंथाल नावाचं गाव आहे. तिथली सूतगिरणी १९३०च्या सुमाराला बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा नावाची तरुण अभ्यासक आणि तिचे सोबती तिथे गेले. लोक कसे जगतात, काय खातात, दिवस कसा घालवतात, हे त्यांनी टिपलं आणि १९३३ साली पुस्तक छापलं. त्यांनी रस्त्यावर चालणाऱ्यांचा वेगही मोजला. पुरुष सावकाश चालत, मध्येच थांबत, उभे राहत. बाया त्यांच्यापेक्षा भरभर चालत, कारण घरचं काम बंद पडलेलं नव्हतं. वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकंही कमी झाली. हाताशी वेळ भरपूर होता, तरी वाचणं घटलं. काम गेलं की नुसता पगार जात नाही. सकाळ जाते, शनिवार जातो, कोणीतरी आपली वाट बघतंय ही भावना जाते.

म्हणजे माझा मुलगा आळशी नव्हता. सासरेही नव्हते. हे मला आधी कळलं असतं, तर मी त्याला दोन-तीन वेळा जे बोलले ते बोलले नसते.

मग आम्ही काय केलं? मोठं काही नाही. सकाळी सातला उठायचं आणि अकरापर्यंत कामशोध, हे ठरवलं. एक वही केली. कुठे अर्ज दिला, कधी, कोणाशी बोललो, काय उत्तर आलं. अकरानंतर मोबाइल बाजूला. शेत आहे, गुरं आहेत, आणि वाईट वाटलं तरी लोकांत जायचं. लग्नाला, जत्रेला टाळायचं नाही. "काय करतोस सध्या?" असं कोणी विचारलं तर सरळ सांगायचं, "काम शोधतोय, कुठे असेल तर सांगा." हे एक वाक्य बोलायला त्याला महिना लागला.

आता आजचा बाजार बघा. खेड शिवापूरच्या बाजूला कारखाने, नदीपलीकडे शिरवळला कारखाने. पण दारात उभा आहे ठेकेदार. फोनमध्ये आहे एजंट. मुकादमाने पागोटं काढून टोपी घातली आणि हातात मोबाइल घेतला, एवढाच फरक. म्हणून इतिहासातून मी चार गोष्टी बांधून घेतल्या, त्या सांगते.

पहिली. नोकरी देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, तो नोकरी देत नाही, विकतो. आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे विकायलाही काही नसतं. फॉर्म फी, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे पैसे, नाव काहीही असो. आमचे आठ हजार गेले. तुमचे जाऊ देऊ नका. गेले असतील तर लाजून गप्प बसू नका, पोलिसांकडे तक्रार द्या.

दुसरी. कागद मागा. नेमणुकीचं पत्र, पगाराची पावती, फंडाचा नंबर, ई.एस.आय.चं कार्ड. बदली कामगाराला १९३५ साली कार्ड मिळालं, आपण तर आजच्या बाया आहोत. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ कंपनीने द्यायची, हे १९७० पासून कायद्यात लिहिलेलं आहे. ई.एस.आय. कापला जात असेल तर काम गेल्यावर काही दिवस मदत देणारी एक योजना २०१८ साली निघाली. आपल्याला ती लागू होते का, हे त्यांच्या कार्यालयात विचारायला पैसे पडत नाहीत.

तिसरी. सरकारी नोंदणी करा, पण तिच्याच भरवशावर बसू नका. सेवायोजन कार्यालयं १९४५ साली, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम लावून देण्यासाठी निघाली. १९५९च्या कायद्याने कंपन्यांनी रिकाम्या जागा तिथे कळवायच्या असं ठरलं, पण तिथूनच माणूस घ्या अशी सक्ती कधीच नव्हती. म्हणून कार्ड काढून वर्षानुवर्षं वाट बघणारी एक पिढी आपण पाहिली. नोंदणी करा आणि पायही हलवा.

चौथी. एकटीने जाऊ नका. खाणावळवाल्या चौदा होत्या. आम्ही नऊ जणी होतो. काम सुटल्यावर आम्ही नऊ दिशांना पांगलो होतो आणि आपापल्या घरात गप्प बसलो होतो. हे सगळं वाचल्यावर मी एकेकीच्या घरी गेले. सात जणी तयार झाल्या. आम्ही राहिलेल्या पंधरा दिवसांच्या मजुरीसाठी लेखी अर्ज केला, एक प्रत ठेकेदाराला, एक कंपनीला, आणि दोन्हीवर पोच घेतली. दीड महिन्याने पैसे आले. रक्कम मोठी नव्हती. पण ती घेताना कोणाची मान खाली नव्हती.

काम परत मिळालं का, असं तुम्ही विचाराल. आमच्यातल्या तिघी दुसऱ्या कारखान्यात लागल्या, या वेळी पत्र घेऊन. दोघींनी डबे सुरू केलेत. मी अजून शोधतेय आणि शोधता शोधता तुमच्याशी बोलतेय. मुलगा एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून जातो. पैसे कमी आहेत. पण सकाळी साडेसहाला पुन्हा घरात डबा भरला जातो आणि सासूबाई ओसरीवरून ओरडतात, "अरे, गाडी जाईल, चल!"

तुमच्या घरात आज कोणी गप्प बसलं असेल, तर संध्याकाळी एवढंच करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुमचं काम गेलं तेव्हा तुम्ही काय केलं होतं?" आणि काम शोधणाऱ्याला शेजारी बसवून ऐकू द्या. मग काय ऐकलंत ते आपल्या रेडिओला कळवा. पुढच्या वेळी तुमच्या घरची गोष्ट सांगू.